उजवीकडची नथ

मी एक जुनं मुखपृष्ठ आहे, मित्रांनो. नुसतं मुखपृष्ठ, माझ्यामागचं पुस्तक केव्हाच मला सोडून गेलं. माझ्यावर एक बाई आहे. तिचे दोन्ही हात वर, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. माझं काम एकच होतं, बघणाऱ्याची बोबडी वळवायची. ते मी तीस-बत्तीस वर्षं इमानेइतबारे केलं. पण एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. मलाच फार भीती वाटते. विस्तवाची वाटते, वाळवीची वाटते, कात्रीची वाटते. भजीवाल्याची तर इतकी वाटते, की तेल तापल्याचा वास आला तरी माझे कोपरे आत वळतात. आणि कितीही घाबरलो तरी मला ओरडता येत नाही. तोंड उघडं ते उघडंच.

माझा जन्म मुंबईतल्या एका शिळाछापखान्यात झाला. तिथे चित्र गुळगुळीत दगडावर काढत, आणि तेही उलटं, आरशात दिसावं तसं. म्हणजे कागदावर उतरताना ते सुलटं होई. हे काम करणारे कारागीर होते इद्रिसमियां. मूळचे नंदुरबारचे, नाकावर चष्मा, बोटांना कायमची काळी शाई. एका सकाळी मालक त्यांना म्हणाले, "इद्रिस, रहस्यकथा आहे. उद्या दगड तयार पाहिजे. बाई अशी घाबरलेली काढ, की गिऱ्हाइकाचे पैसे मोजतानाच हात थरथरले पाहिजेत."

आता घाबरलेली बाई आणायची कुठून? इद्रिसमियांनी हमालाच्या डोक्यावर दगड देऊन तो खोलीवर आणला आणि बायकोला, मदिनाला, समोर बसवलं.

"घाबर," ते म्हणाले.

मदिना हसायला लागली.

"तुन्हा मांगे भूत शे."

"ते मन्हा पुढे बठेल शे," मदिना म्हणाली आणि आणखी हसली. तिच्या मांडीवरची सव्वा वर्षाची नईमा, तीही खिदळायला लागली. तासभर हेच. दगड कोरा, इद्रिसमियां घामाघूम. आणि मग चुलीवरचं दूध उतू गेलं. मदिनाने ते पाहिलं, दोन्ही हात वर केले, डोळे मोठे केले आणि किंचाळली, "या अल्ला! दूध!"

बस! इद्रिसमियांनी तीच किंकाळी दगडावर धरली. पण घाईत ते आपली विद्या विसरले. बाई जशी समोर दिसली तशीच सुलटी काढून मोकळे झाले. त्यामुळे मी छापून बाहेर पडलो तेव्हा मदिनाच्या डाव्या नाकपुडीतली नथ माझ्यावर उजव्या नाकपुडीत जाऊन बसली होती. शिवाय तिच्या डोक्यावर वरून खुन्याचा एक निळाकाळा पंजा आला होता, बाजूच्या काठातून त्याचा दुसरा हात आला आणि त्या हातात सुरा. अक्षरं दुसऱ्याच लेखनिकाने काढली, कारण इद्रिसमियांना उर्दू येई, मराठीची बाळबोध लिपी येत नसे. ‘माळ्यावरील हात, अथवा अबलेचा घात’ असं माझं लांबलचक नाव. मालकांनी मला उजेडात धरलं.

"हिच्या कपाळाला कुंकू कुठाय?"

"घामानं पुसलं, शेठ," इद्रिसमियां म्हणाले. "इतकी घाबरली बिचारी."

पाचशे प्रती निघाल्या. शाई वाळत होती तोवर माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझा दगड वाळू टाकून घासला. आधी मदिनाचे हात गेले, मग डोळे, मग तोंड. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर सुवासिक तेलाची जाहिरात होती. माझी पहिली भीती ती. तेव्हापासून कुणी काही घासायला लागलं की मला धडधडतं.

त्याच पावसाळ्यात मदिना तापाने गेली. तिचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. कारागिराला प्रत द्यायची रीत छापखान्यात नव्हती. इद्रिसमियां लेकीला उचलून नंदुरबारला परतले. लेक रडायला लागली की म्हणायचे, "रडू नको, पोरी. तुन्ही अम्मी कोठेतरी पुस्तकवर शे. घाबरेल शे, हात वर करेल शे. उजव्या नाकमा नथ देखी तर समजी जा, तीच." पुस्तकाचं नाव विचारलं तर ते त्यांना सांगता येत नसे.

इकडे मी रेल्वेने खानदेशात उतरलो आणि सारंगखेड्याच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजाराला लागूनच, एका पुस्तकवाल्याच्या पथारीवर जाऊन पडलो. तिथला एक प्रसंग सांगतो. एका पांढऱ्या घोडीने माझ्याकडे नजर टाकली आणि जी उधळली, ती तापी ओलांडून थेट पलीकडच्या काठावर! मालक आधी रडला, मग त्याला अक्कल सुचली. "देखा, देखा तिन्हा पाय!" म्हणून ओरडायला लागला, आणि संध्याकाळच्या आत घोडी दुप्पट किमतीला गेली. खोटं वाटत असेल तर वाटू दे. घोडी जिवंत असती तर तिनेच सांगितलं असतं.

पण मित्रांनो, त्याच पथारीवर माझ्या सख्ख्या भावंडांचं काय झालं तेही मी पाहिलं. एकाच्या भजीवाल्याने पुड्या केल्या. एकावर एका बाईने गरम तवा ठेवला. एक घोड्याच्या पायाखाली गेलं. पाचशेतला मी एकटाच उरलो की काय, असं मला वाटायला लागलं. मला एका मास्तरांनी घेतलं आणि वाचून झाल्यावर नंदुरबारच्या एका वाचनालयाला देऊन टाकलं. तिथले पोथ्या वाचणारे म्हातारे मला घाबरत, म्हणून ग्रंथपाल मला पालथं ठेवी. असा मी वर्षानुवर्षं पालथा पडलेला. आणि दोन गल्ल्या सोडून नईमा मला शोधत होती. बायका वाचनालयात येत नसत. मला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक नव्हतं.

नईमा मोठी झाली. तिचं लग्न मेहबूबशी झालं. तो पुस्तकं बांधायचा. जुनं पुस्तक बांधायला आलं की त्याचं कागदी मुखपृष्ठ आधी फाडायचं, हा त्या धंद्याचा पहिला नियम. मेहबूब फाडायचा आणि नईमा वेचायची. रहस्यकथांची, गुप्तहेरांच्या गोष्टींची, खुनांची, सगळी मुखपृष्ठं तिने कडुलिंबाचा पाला घालून एका पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. दरवर्षी सारंगखेड्याच्या जत्रेला जाऊन ती पुस्तकवाल्यांच्या रद्दीतून आणखी आणायची. सदुसष्ट मुखपृष्ठं झाली होती. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण प्रत्येकाला तिने नाव दिलं होतं: हा तीनबोट्या, ही विहिरीतली, हा टोपीवाला पिस्तुल्या, ही पलंगाखालची. दर शुक्रवारी ती सगळी ओट्यावर उन्हात मांडी आणि एकेका बाईच्या नाकावर बोट ठेवून बघे. डावी, डावी, डावी.

शेजारची अख्तरबानो जाता-येता विचारी, "काय वं नईमा, भुतं वाळत घाली ऱ्हायनी का पापड?"

"भुतंच शेत. घरमा जागा नही पुरत," नईमा म्हणे. "तुन्हा घरमा एक धाडू का?"

"नको माय. मन्हा घरमा सासू शे."

मग महायुद्धाचं ते वर्ष आलं. कागद मिळेनासा झाला. पुठ्ठ्याच्या आतून लावायला अस्तराचा कागदसुद्धा बाजारात नव्हता. त्याच हिवाळ्यात वाचनालयाने फाटकी पुस्तकं बांधायला काढली, आणि त्यांत मी. नईमा त्या दिवशी सारंगखेड्याला गेलेली, मला शोधायला! आणि मी तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्याच्या हातात.

मेहबूबने मला पुस्तकापासून टरकावलं. काय वाटलं असेल मला, विचार करा. तीस वर्षांची सोबत एका झटक्यात गेली. पण त्याने मला उजेडाकडे नेलं आणि नाकावर बोट ठेवलं. मी श्वास रोखला. "नथ डावीकडे," तो पुटपुटला. "ही नही."

अरे बाबा, तुझ्या डावीकडे ती तिच्या उजवीकडे! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तोंड उघडं होतंच. आवाज तेवढा निघाला नाही.

समोर म्हसावदच्या नवल पाटलांची भजनाची वही अर्धवट बांधलेली पडली होती, तिला अस्तर नव्हतं. मेहबूबने मला वहीच्या मापाने कापलं. वरून माझं नाव गेलं, बाजूने सुरा धरलेला हात गेला. पाठीला गव्हाच्या पिठाची खळ फासून त्याने मला पुठ्ठ्याच्या आत चिकटवलं आणि भजन म्हणणाऱ्यांना माझं थोबाड दिसू नये म्हणून वरून एक पातळ पांढरा कागद डकवला. मग अंधार. दुपारी पाटलांचा गडी आला आणि वही घेऊन गेला.

पुढचं मला मागाहून नईमाच्या तोंडून कळलं. ती जत्रेतून रिकाम्या हाताने आली आणि जमिनीवरची कातरणं वेचायला लागली. एका लांब पट्टीवर सुरा धरलेला हात होता.

"हाई कोणतं?"

"एक व्हतं. बाईनं. तुन्हं नव्हतं ते," मेहबूब म्हणाला. "मी नथ देखी ना. डाव्या बाजूले व्हती."

नईमा पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "कोन्ही डावी? तुन्ही का तिन्ही?"

मेहबूबने हात नाकाकडे नेला, मग समोर नेला, मग परत नाकाकडे.

"मी जास म्हसावदले," नईमा म्हणाली.

"येडी व्हयनी का तू? काय सांगशी? मुसलमानना घरथून भजननी वहीमा खुनी माणूस चिटकाडी दिधा, हाई सांगशी? त्यासनी देखं नही तोवर बरं शे. देखं तर आपलं काय व्हई, इचार कर. गावगावनं काम जाई, नाव जाई, अन् कोन्ही डोकं फोडं तर तेबी कमीच." मेहबूबने दार लोटून घेतलं. "तुले मन्ही आन शे. गप ऱ्हाय."

आई मागायची तर गुन्हा कबूल करायला हवा, आणि गुन्हा लपवायचा तर आई जाते. नईमा गप्प राहिली. तीन आठवडे तिने डबा उघडला नाही.

इकडे मी पुठ्ठ्याच्या अंधारात थरथरत होतो. टाळ वाजले की मला हादरे बसत. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मेहबूबही भीतीपायी विसरला होता: छापखान्याच्या तेलकट शाईवर पिठाची खळ धरत नाही. पांढरा कागद माझ्या तोंडावरून रोज थोडा थोडा सुटत होता. नवल पाटील वही धरत, त्यांच्या अंगठ्याचा घाम लागे, आणि कोपरा उचकटे. आज गाल उघडा पडला. उद्या डोळा.

एकादशीच्या दुपारी पाटलांच्या ओसरीवर भजन रंगात आलं होतं. नवल पाटलांनी वही उघडली आणि पांढरा कागद अलगद त्यांच्या मांडीवर पडला. मृदंग थांबला. टाळ थांबले. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती, मी त्यांच्याकडे. आतून चुलीचा धूर येत होता. मला दिसलं, मी त्या चुलीत जातोय. कोपरे वळतायत, मदिनाचे हात पुन्हा जातायत, मग डोळे, मग तोंड.

"हाई काय नवीनच?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"फाडी टाका," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात नवल पाटलांची आई, सुंदरबाई, पुढे आली. म्हातारी गावात कुणाचं ऐकत नसे. तिने मला डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं.

"थांबा रे. भित काय ऱ्हायनात? हाई बाई भजन म्हनी ऱ्हायनी. हात देखा, कसा वर करेल शेत! तोंड देखा! अन् हाऊ वरला निळा हात, देवना शे. तिन्हा डोकावर ठेवी ऱ्हायना." तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "कोनतीतरी संत बाई शे. आपली वहीमा प्रकट व्हयनी."

मित्रांनो, पस्तीसएक हजार लोकांनी मला बघितलं असेल. किंकाळी सगळ्यांनी ओळखली. तिला गाणं म्हणणारी ही पहिली.

मग काय विचारता! बातमी शहाद्याला पोचली तोवर मी प्रत्यक्ष भजन म्हणत होतो. प्रकाशाला पोचली तोवर माझ्या हातात टाळ होते. आणि नंदुरबारला पोचली तोवर मी वहीतून उतरून पाटलांच्या विहिरीवर पाणी पिऊन परत गेलो होतो. बातमीच्या मागोमाग पाटलांचा गडी मेहबूबच्या दारात उभा. "पाटलांनी बोलावलंय. वही बांधणाऱ्याला. लगेच."

नईमा आणि मेहबूब निघाले. नावेतून तापी ओलांडताना मेहबूब सारखा हात जोडून पाण्याशीच बोलत होता, "पाटीलसाहेब, चूक व्हयनी, पाटीलसाहेब." नईमाच्या पदराच्या गाठीत ती कातरलेली पट्टी होती.

ओसरीवर मी एका पाटावर उभा होतो, वही उघडून, हार घालून. नईमा पायरीवरच थबकली. जन्मात पहिल्यांदा ती मला बघत होती. तिने नाकावर बोट ठेवलं नाही. ठेवायची गरज नव्हती.

"मेहबूबभाई," नवल पाटील म्हणाले, "हे चित्र तुम्ही लावलं?"

"ज-जी," मेहबूब म्हणाला.

"कुणाचं आहे?"

मेहबूब नईमाकडे बघू लागला. नईमा माझ्याकडे. तेवढ्यात सुंदरबाई ओवाळायला आली. नजर अधू, हात थरथरता. निरांजनाची ज्योत माझ्याजवळ आली, आणखी जवळ आली, आणि माझा खालचा कोपरा तडतडला. मला वास आला, माझाच. आता संपलं, मी म्हटलं.

आणि नईमा किंचाळली, "या अल्ला!" दोन्ही हात वर, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. झेप घेऊन तिने तळहाताने माझा कोपरा दाबून विझवला.

सुंदरबाईने निरांजन खाली ठेवलं. नईमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नईमाकडे पाहिलं.

"बाई वं," ती म्हणाली, "हाई तर तूच शे!"

"मी नही, मोठी माय." नईमा म्हणाली. "मन्ही अम्मी शे. मी तिले आज देखं."

मेहबूबने डोळे मिटून घेतले.

"काय भजन म्हनी ऱ्हायनी व्हती ती?" सुंदरबाईने विचारलं.

आता काय सांगणार? नईमाने पदराची गाठ सोडली आणि सुऱ्याची पट्टी पाटावर माझ्याशेजारी ठेवली. काठाला काठ बरोबर जुळला. "भजन नव्हतं, माय," ती म्हणाली. "मन्हा बाप तिले घाबराडी ऱ्हायना व्हता, चित्रना करता. ती काही घाबरे नही, हसेच. मंग चुल्हावरनं दूध उतू गयं, तवय् वरडनी. दूध करता वरडनी ती."

मग सुंदरबाईचे खांदे हलायला लागले. म्हातारी हसत होती, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दूध!" ती म्हणाली. "अरे नवल, दूध! मी रोज वरडस तशीच ना?" मग ओसरी हसली. मेहबूब उशिरा हसला, आणि हसताहसताच रडायला लागला.

सुंदरबाईने ती पट्टी उचलली आणि नईमाच्या मुठीत परत दिली. "हाई तू ठेव. आम्हना घरमा हाई नव्हतं. आम्हना घरमा तिन्हा डोकावर देवना हात व्हता." आणि मेहबूबला म्हणाली, "काढ रे तिले, नीट काढ. पोरनी माय शे. पन एक ध्यानमा ठेव, पोरी. सारंगखेडानी जत्राले जाशी तवय् तिले इकडे लई ये. तीन आठवडा आम्हना घरमा ऱ्हायनी. मले तिन्ही सवय व्हयनी शे."

मेहबूबने ओल्या फडक्याने मला पुठ्ठ्यापासून सोडवलं. एवढ्या हळू हाताने त्याने उभ्या जन्मात काही सोडवलं नसेल.

आता मी पत्र्याच्या डब्यात सगळ्यांत वर असतो. वर्षातून एकदा म्हसावदला जातो, सुंदरबाई मला दूध ठेवलेल्या चुलीकडे तोंड करून बसवते आणि म्हणते, "ध्यान ठेव वं." एकदा मेहबूबने सुऱ्याची पट्टी परत जोडायचं काढलं, म्हणाला, चित्र पुरं होईल. नईमाने ती घेतली आणि डब्याच्या तळाशी टाकली. "इतला वरीस तो तिन्हा मांगे उभा व्हता. आते बस." माझ्या कपाळावरचं कुंकूही तिने पुसलं नाही.

शोध संपला, तरी तिने डबा रिकामा केला नाही. विहिरीतली, पलंगाखालची, सगळ्या अजून शुक्रवारी उन्हात बसतात. फरक इतकाच, की नईमा आता त्यांच्या नाकांवर बोट ठेवत नाही, तोंडाकडे बघते. "हाई कोन्ही माय व्हई?" असं स्वतःशीच म्हणते.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. पुस्तक बांधायला टाकाल, रद्दी घालाल, पुड्या कराल, तेव्हा फाडण्याआधी त्या घाबरलेल्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघा. त्याच्याच उजव्या-डाव्या बाजूने बघा, आपल्या नव्हे. भीती मला अजून वाटतेच. आत्ताही शेजारच्या घरात कुणीतरी तेल तापवतंय. पण पूर्वी कोपरे वळले की मी मनात ओरडायचो. आता सुंदरबाई पहिल्यांदा म्हणाली तसं समजतो, की मी गातोय.